आपल्या घरातला दाणागोटा : काल आणि आज

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना मला आली. नरसीचा इतिहास म्हटला की संत नामदेवांचे जन्मस्थान, कयाधूचा काठ आणि आषाढ वद्य एकादशीची परतवारी ह्या गोष्टी कोणाच्याही मनात प्रथम येतात. त्यांवर जाणत्या लोकांनी पुष्कळ लिहिले आहे आणि माझा तो अधिकारही नाही. मी ह्या गावात सून म्हणून आले, एका घराची चूल चाळीस वर्षांहून अधिक काळ सांभाळली आणि प्राथमिक शाळेत मुलांना शिकवले. तेव्हा मला जो इतिहास जवळून ठाऊक आहे तो कणगीचा आणि पिठाच्या डब्याचा. निजामाचा अंमल गेला, १९५६ साली हैदराबाद राज्य गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. हे सारे शाळेच्या पुस्तकांत आहे. ह्या प्रत्येक बदलात आपल्या घरच्या चुलीवर काय शिजले, ते मात्र पुस्तकांत सापडत नाही. ते थोडेसे मांडावे म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. गावात धान्य किती पिकले ह्यावर घरातले पोट भरत नाही. आषाढ-श्रावणात ते धान्य कोणाच्या हाती असते आणि कोणत्या भावाने मिळते, ह्यावर ते भरते. मागच्या ऐंशी वर्षांत पुष्कळ काही पालटले, परंतु हा नियम पालटलेला मला दिसत नाही.

सुरुवात नामदेवांच्या घरापासूनच करू. त्यांच्या चरित्रकथांत आई गोणाई आणि पत्नी राजाई ह्या दोघी घरात दाणा नाही म्हणून कष्टी होतात, प्रपंचाकडे पाहा म्हणून विनवतात. कीर्तनात हा भाग आला की मंडळी हसतात. भक्तीचे मर्म न कळलेल्या ह्या बायका, असा काहीसा सूर लागतो. मला त्या वेळी दोघींच्या डोक्यातला हिशेब दिसतो. परंपरेने नामदेवांच्या घरची माणसे चौदा आणि गंगाखेडची जनाबाई पंधरावी. कष्टाच्या घरात माणशी रोज अर्धा किलो धान्य धरले तर दिवसाला साडेसात किलो, म्हणजे महिन्याला सव्वादोन क्विंटल दळण झाले. जनाबाईचे जाते का थांबत नव्हते, हे ह्या आकड्यावरून ध्यानात येते. एवढे धान्य कोठून आणायचे हा प्रश्न राजाईपुढे रोज उभा होता. तो प्रश्न भक्तीच्या आड येणारा नव्हता. तो घरातल्या बाईच्या वाट्याचा होता, इतकेच.

आता आपल्या आज्यांच्या काळाकडे येऊ. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, त्या काळ्या जमिनीतल्या चांगल्या कुणबाऊ घरातल्या. घरात बळद होते आणि वाड्याच्या आवारात पेव होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेला धान्याचा खड्डा. आत कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची आणि तोंड लिंपून टाकायचे. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, आत कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो. आधी दिवा सोडून पाहायचा आणि मग उतरायचे, हे त्या मला पुन्हा पुन्हा सांगत. पेवातली ज्वारी वर्ष-दोन वर्षे टिकत असे. ज्यांच्या घरी पेव त्यांना अवर्षणाची भीती थोडी कमी.

परंतु गावात पेव किती जणांकडे होते? ज्याच्याकडे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन, त्याची ज्वारी होळीपर्यंत किंवा फार तर आखजीपर्यंत पुरे. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्या घरी खळ्यावरची मजुरी, बलुतेदार असेल तर बलुते आणि बायकांनी वेचलेला सरवा. कापणी झाल्यावर रानात पडलेली कणसे वेचून आणणे हे हलके काम समजत. परंतु महिना-दीड महिन्याचे दाणे कित्येक घरांत ह्या सरव्यानेच येत. आषाढ लागला की सगळ्यांचीच मडकी वाजू लागत. मग कण्या, अंबील, घुगऱ्या, आणि रानात उगवलेला तांदुळजा, तरोटा, पाथरी, घोळ ह्यांच्या भाज्या. पहिल्या पावसानंतरच्या ह्या भाज्या आज आपण आवडीने करतो. त्या काळी त्यांनी भाकरीची जागा भरून काढली होती.

आणि तेही सरले की वाढीदिढी. सावकाराच्या किंवा मोठ्या शेतकऱ्याच्या पेवातून आषाढात एक पायली ज्वारी आणायची आणि सुगीला सवा किंवा दीड पायली परत करायची. एकाला सवा ती सवाई आणि एकाला दीड ती दिढी. बोलायला हे सोपे वाटते. हिशेब करून पाहू. आषाढात घेतलेली ज्वारी मार्गशीर्ष-पौषात फेडायची म्हणजे पाच-सहा महिने. तेवढ्यात दिढीने पन्नास टक्के वाढ, म्हणजे वर्षाच्या दराने शंभर टक्के. शिवाय आणखी एक मेख होती. आषाढात ज्वारी महाग असते आणि सुगीला स्वस्त. कर्ज पैशांत मांडले तर महाग भावाची रक्कम लिहायची आणि फेड स्वस्त भावाच्या ज्वारीने करायची. असे झाले की एका पायलीला दोन पायल्याही कमी पडत. अशा रीतीने सुगीचे नवे धान्य घरात येण्याआधीच त्याचा मोठा वाटा गेलेला असे, आणि पुढचा आषाढ आणखी लवकर लागे. गावात ज्वारी होती. ती ज्यांनी पिकवली त्यांच्या घरात मात्र टिकत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात ह्यात सरकारची भर पडली. १९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मेली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. निजामाच्या राज्यात शेतकऱ्यांवर धान्याची लेव्ही बसली. म्हणजे पीक आले की ठरलेला वाटा ठरलेल्या भावाने सरकारजमा करायचा. शहरांतल्या लोकांना अन्न पुरवणे हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण लहान शेतकऱ्याकडून वसुली काटेकोर आणि मोठ्या वतनदाराकडून ढिली, अशी तक्रार त्या वेळच्या चळवळीत सतत होती. स्टेट काँग्रेसच्या लढ्यात लेव्हीला विरोध हा एक मोठा मुद्दा झाला तो ह्यामुळेच. आत्याबाई त्या वेळी नवी नवरी होत्या. अंमलदार येणार अशी वर्दी लागली की घरातल्या बायका ज्वारीची गाठोडी गोवऱ्यांच्या कलवडात लपवीत, असे त्या सांगत आणि सांगताना हसत. मला वाटते, आपल्याच घरची ज्वारी आपण चोरासारखी लपवावी, ह्याचे दुःख त्या हसण्याखाली होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अंमल संपला. पुढच्या काळात दिल्लीला रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना, १९५२ ते १९५४ ह्या वर्षांत, धान्यावरची नियंत्रणे उठली. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा टंचाई आली. ऑगस्ट १९५६ मध्ये भारताने अमेरिकेशी करार करून तिकडचा गहू आणण्यास आरंभ केला. १९६५ च्या जानेवारीत भारतीय अन्न महामंडळ सुरू झाले. त्याच वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनी लोकांना सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. माझ्या आईने ते पाळले होते. ती म्हणे, "शास्त्रीजींनी सांगितलं म्हणून सोमवारचं सोडलं, बाकीच्या वारी कोणी न सांगताच सुटायचं."

महाराष्ट्रात १९६४-६५ च्या हंगामापासून ज्वारी आणि भात ह्यांची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याने विकाऊ धान्य ठरीव भावाने सरकारलाच द्यायचे आणि सरकारने ते स्वस्त धान्य दुकानांतून लोकांना पुरवायचे, अशी ती योजना. १९६४ सालीच ज्वारीचे पहिले संकरित वाण देशात आले. आपण त्याला सरसकट हायब्रीड म्हणू लागलो. उतार जास्त, पण पावसात सापडले की दाणा काळा पडे, कडबा आखूड आणि भाकरीला गावरानची चव नाही. तरीही हे म्हटलेच पाहिजे की त्या हायब्रीडने पुष्कळ घरांतला आषाढ थोडा सुसह्य केला.

मग आले १९७२. आपल्यातल्या साठी उलटलेल्या भगिनींना त्याविषयी सांगायला नको. सलग वर्षे पाऊस हुलकावण्या देत होता आणि त्या वर्षी पीक पार बुडाले. जुनी माणसे सांगतात, बहात्तरला विहिरींना थोडे तरी पाणी होते, दाणाच नव्हता. पुढच्या काळातल्या दुष्काळांत दुकानात दाणा होता, पाणीच नव्हते. हे अगदी बरोबर आहे. मी तेव्हा तिसरीत होते. माझे माहेर कळमनुरी तालुक्यातले. दुकानात परदेशी मिलो येई. ती तांबूस ज्वारी, तिची भाकरी थापताना चिरे आणि घशाखाली उतरायला पाणी लागे. कामावर आणि शाळेत सुकडी मिळे. तिचा गोडसर वास आजही नाकात आहे. आम्ही मुले ती कागदात बांधून घरी आणत असू, कारण घरात धाकटी भावंडे होती.

बहात्तरच्या दुष्काळात माणसे बंगालसारखी मेली नाहीत, ह्याचे कारण काय? मिलो आणि सुकडी हे एक कारण. परंतु खरे मोठे कारण दुसरे होते. ते म्हणजे काम. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, खडी फोडणे अशी कामे राज्यभर निघाली आणि मे १९७३ मध्ये ह्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. माझी आई डोक्यावर फडके गुंडाळून खडी फोडायला जाई. दुकानात धान्य असूनही हातात पैसा नसला तर ते आपले नसते. कामाने तो पैसा हातात आला, म्हणून दुकानातले धान्य घरात आले. ज्या बाईने कधी स्वतःच्या नावाने रोजी घेतली नव्हती, तिने हजेरीपटावर अंगठा उठवून पहिल्यांदा स्वतःचे पैसे मोजून घेतले.

ह्या कामांमागे वि. स. पागे ह्या गृहस्थांचा विचार होता. ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यावे, ही त्यांची योजना १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात करून पाहिली गेली होती. दुष्काळानंतर ती राज्यभर रुजली. १९७५ साली नोकरदार आणि व्यावसायिक ह्यांच्यावर व्यवसाय कर बसवून तिच्यासाठी पैसा उभा करण्यात आला. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडे कापून खेड्यातल्या बाईला काम द्यायचे, अशी ही सोय होती. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या २०० जिल्ह्यांत आपला हिंगोली जिल्हा होता.

बहात्तरच्याच सुमारास मुंबईत एक वेगळी गोष्ट घडत होती. तेल, साखर, रॉकेल, धान्य ह्यांचे भाव चढत होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी ह्या निरनिराळ्या पक्षांतल्या बायका एका महागाईविरोधी समितीत एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवीत रस्त्यावर उतरल्या. लाटणे मोर्चा म्हणून तो प्रसिद्ध आहे. आपल्याकडे त्याची बातमी वर्तमानपत्रांतून येई. खेड्यातली बाई खडी फोडीत होती आणि शहरातली लाटणे उगारीत होती. दोघींची मागणी एकच होती : घरात येणारा पैसा आणि दुकानातला भाव ह्यांचा मेळ बसावा.

त्यानंतर स्वस्त धान्याचे दुकान हा गावाचा नित्याचा भाग झाला. परंतु जून १९९७ पासून सरकारने सगळ्यांना सारखे धान्य देणे सोडून गरिबांना निराळे काढले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची कार्डे सुरू झाली. योगायोग असा, की आपला हिंगोली जिल्हा त्याच दिवशी जन्मला. वर्षाचे उत्पन्न १५ हजारांपर्यंत तर पिवळे, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याहून अधिक तर पांढरे. कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न एका वर्षी पिवळे असते आणि दुसऱ्या वर्षी केशरी. आणि पाऊस गेला तर त्याला रंगच उरत नाही. कार्डाचा रंग मात्र एकदा बसला की बसला. डिसेंबर २००० मध्ये अत्यंत गरीब घरांसाठी अंत्योदय योजना निघाली. त्या घरांना पुढे महिन्याला ३५ किलो धान्य ठरले.

आता १९९५ ची एक रुपयाची झुणका-भाकर आणि २०२० च्या २६ जानेवारीला सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी ह्यांचाही उल्लेख करायला हवा. टाळेबंदीत ही थाळी पाच रुपयांना मिळाली आणि अडलेल्या माणसांच्या ती फार उपयोगी पडली. पण थाळी ही घराबाहेर पडलेल्या माणसासाठी असते. घरात बसलेली म्हातारी आणि कडेवरचे मूल ह्यांच्यासाठी पिठाचा डबाच भरला पाहिजे.

त्या दृष्टीने सप्टेंबर २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. माणशी ५ किलो धान्य, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो, हा त्याचा गाभा. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. मोठी गोष्ट ही, की ते आता उपकार म्हणून मिळत नाही, हक्क म्हणून मिळते. आणि आपल्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी, की ह्या कायद्याने घरातली अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी बाई ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख ठरवली आहे. पेवाचे तोंड उघडायचे तेव्हा आत्याबाईंना मामंजींची परवानगी लागे, पण त्यातली ज्वारी आषाढापर्यंत पुरवायची जबाबदारी मात्र त्यांचीच. जबाबदारी आणि नाव ही दोन्ही एका बाईकडे यायला २०१३ साल उजाडले.

तरीही भगिनींनो, आनंदाच्या भरात हिशेब विसरून चालणार नाही. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, मोजून दोन भाकऱ्या. १९४६ च्या टंचाईत शहरी शिधा माणशी रोज १२ औंसांवर आणला होता, तेव्हा फार ओरड झाली होती. ते १२ औंस म्हणजे ३४० ग्रॅम. आजचा हक्काचा शिधा त्याच्या निम्मा आहे. त्या वेळी दुकानाबाहेर धान्य मिळणे कठीण होते आणि आज बाजार भरलेला आहे, हा फरक मी मान्य करते. पण उरलेले निम्मे, शिवाय डाळ, तेल, तिखट-मीठ आणि भाजी हे सारे बाजारभावानेच आणायचे आहे. नामदेवांच्या पंधरा माणसांच्या घराला ह्या कायद्याने महिन्याला ७५ किलो मिळाले असते. राजाईला उरलेल्या दीड क्विंटलाची चिंता राहिलीच असती.

शिवाय कार्डावर सगळ्यांची नावे बसतील असे नाही. ग्रामीण महाराष्ट्रातल्या ७६ टक्क्यांच्या आसपास लोकांना हे धान्य द्यायचे असे ठरले आणि ती संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्याला कचेरीच्या भाषेत इष्टांक म्हणतात. इष्टांक भरला की नव्या सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव थांबते. आमच्या ओळखीतल्या एका विधवा भगिनीचे नाव सासऱ्यांच्या जुन्या कार्डावर होते. सासरे वारले, दिरांनी आपापली कार्डे करून घेतली आणि हिचे नाव कोणत्याच कार्डावर राहिले नाही. अनेक महिने ती ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होती. तेवढ्या दिवसांत गावात धान्याचा तुटवडा नव्हता. दुकानात पोती होती. पण तिच्या घरात आषाढ होता.

आणखी एक बदल आपल्या जिल्ह्याशी थेट जोडलेला आहे. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकरी घरांना २०१५ सालापासून माणशी ५ किलो धान्य २ आणि ३ रुपये दराने मिळू लागले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या म्हणून काढलेली ही योजना होती. पुढे ते धान्य थांबले आणि जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँकेच्या खात्यात देण्याचे ठरले; २०२४ साली ते १७० झाले. पैशाचे काही फायदे आहेत. रांग नाही, अंगठा उमटला नाही म्हणून परत फिरणे नाही, आणि गव्हाऐवजी आपल्या आवडीची ज्वारी घेता येते. पण १७० रुपयांत ५ किलो घ्यायचे तर भाव ३४ रुपये किलो पडला पाहिजे. ह्या भावाने आपल्या गावात काय मिळते, ते प्रत्येकीने आपल्या दुकानात विचारून पाहावे, सुगीला एकदा आणि आषाढात एकदा. ५ किलो धान्य हे भाव चढला तरी ५ किलोच राहते. १७० रुपये मात्र भाव चढला की आकसतात. वाढीदिढीच्या हिशेबात आपल्या आज्यांना जे कळले होते तेच येथे पुन्हा समोर येते : महागाईच्या महिन्यात हातात दाणा असणे आणि पैसा असणे ह्यांत अंतर आहे.

आपल्या शिवाराचेही तसेच झाले आहे. आता जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन आणि हळद. हळदीने आपल्या जिल्ह्याचे नाव झाले आणि घरांत पैसाही आला, त्याला माझा विरोध नाही. पण सोयाबीन कणगीत भरून ठेवता येत नाही; ते काढले की विकायचे आणि ज्वारी विकत आणायची. म्हणजे शेतकऱ्याची बाईसुद्धा आता दुकानाच्या भावाला बांधलेली. ज्वारी कमी झाली तसा कडबा कमी झाला, कडबा कमी झाला तशी दारची जनावरे कमी झाली आणि मुलांच्या ताटातले ताकही गेले. ही साखळी कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, पण आपल्या सगळ्यांच्या घरांतून ती गेलेली आहे.

ह्यावर उपाय नाही असे नाही. जुन्या हैदराबाद राज्यातलाच, आज तेलंगणात असलेला, जहीराबादचा भाग पाहा. तेथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ह्या संस्थेच्या साह्याने १९९० नंतरच्या दशकात तीसेक गावांतल्या गरीब बायकांच्या संघांनी पडीक जमिनी कसायला मदत दिली. ज्याने मदत घेतली त्याने ती ज्वारीच्या रूपाने फेडायची. ती ज्वारी गावातच साठवली आणि पावसाळ्याच्या अडचणीच्या महिन्यांत गावातल्या गरजू घरांना कमी भावात विकली. गरजू कोण हे कचेरीने ठरवले नाही. गावाने आणि त्या बायकांनी बसून ठरवले. आपलीच काळी जमीन, आपलीच ज्वारी आणि आपल्यासारख्याच बायका.

आपल्या मंडळाने एवढे मोठे काम एकदम अंगावर घ्यावे असे मी म्हणत नाही. परंतु वर्धापनदिनी केवळ हळदीकुंकू आणि सत्कार ह्यांवर थांबू नये, अशी माझी विनंती आहे. तीन कामे आपल्या आवाक्यातली आहेत.

पहिले, कार्डांचे. गावातल्या कोणत्या घरात बाईचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून लागलेले नाही, कोणत्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी होऊन सासरच्या कार्डावर चढलेले नाही, कोणत्या म्हातारीचा झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही, ह्याची यादी आपण गल्लीगल्लीने फिरून करू शकतो. दुकानावर देखरेख करणारी दक्षता समिती आणि जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी हे दोन्ही ह्या कायद्यातच सांगितलेले आहेत. एकटी बाई खिडकीशी गेली तर तिला परत पाठवणे सोपे असते; पंधराजणी यादी घेऊन गेल्या तर तितके सोपे नसते.

दुसरे, भावांचे. मंडळाच्या दप्तरात एक वही ठेवावी आणि दर महिन्याच्या पहिल्या बाजारी ज्वारी, गहू, तूरडाळ आणि तेल ह्यांचा भाव तीत लिहावा. पाच वर्षांनी ती वही ह्या गावाच्या इतिहासाचे खरे साधन होईल, आणि १७० रुपयांविषयी ग्रामसभेत बोलायचे झाले तर आपल्या हातात आकडा असेल.

तिसरे, ज्वारीचे. वीसजणींनी सुगीला पाच-पाच किलो ज्वारी मंडळाकडे दिली तर एक क्विंटल जमते. चांगली वाळवून, लिंबाचा पाला घालून ती आषाढापर्यंत सहज टिकते. आषाढात जिला अडचण पडेल तिने दहा किलो न्यावी आणि सुगीला दहाच किलो परत द्यावी. मापास माप, सवाई नाही, दिढी नाही. कोणी नेली ह्याची नोंद वहीत राहील, गावभर होणार नाही. एका क्विंटलाने दहा घरे आषाढ काढतील.

मंडळाच्या खोलीत कोपऱ्यात दोन कोठ्या बसतील एवढी जागा आहे. मी पाहून ठेवली आहे. माझ्या वाटणीची पाच किलो ज्वारी मी येत्या संक्रांतीच्या आधी आणून देईन. ज्या भगिनींना हे पटेल त्यांनी पुढच्या मासिक सभेत आपले नाव चिटणीसबाईंकडे नोंदवावे.